बोट दाखवा, मगच डबा

५ जानेवारी

आमचा पोरगा नीलेश सिलतऱ्याच्या कंपनीतून दरवर्षी नवी डायरी आणतो आणि ती दरवर्षी माझ्या बायकोच्या, गोदावरीच्या, भजनांच्या कामी येते. यंदा मी म्हटलं, इकडे आण. आज जे घडलं ते कुठं तरी ओकलं नाही तर माझं बीपी वाढेल.

आमच्या पाऱ्याच्या, म्हणजे मोहल्ल्याच्या, मागं गौरा तलाव आहे. महिनाभरापासून ट्रक येऊन त्यात राखड ओतून राहिले. राखड म्हणजे कारखान्याची काळी राख. एका काठाचं तर मैदान होऊन गेलं. कोणी म्हणतो तिथं मार्केट होणार, कोणी म्हणतो पार्किंग. आमच्या घरचा बोअर त्या तलावाच्या भरवशावर आहे. मागच्या आठवड्यात नळातून पाण्याच्या आधी नुसती हवा आली. गोदावरी बादली धरून नळाकडे पाहत उभी होती, जसा काही त्यानं तिचा अपमान केला. जानेवारीत ही गत, तर मे महिन्यात आम्ही काय पिऊ?

मी काही गप्प बसणारा माणूस नाही. दिल्लीले दोनदा पत्र पाठवलं. पोर्टलवर तक्रार टाकली. आज शेवटी आमच्या महाराष्ट्र मंडळाचा अध्यक्ष बाबाराव याले सोबत घेऊन थेट आमच्या वॉर्डाचा पार्षद, म्हणजे नगरसेवक, रामकृष्णच्या घरी गेलो. अख्खी नोकरी रेल्वेच्या ऑफिसात काढली, साहेबापुढं कसं बोलाचं ते मले कोणी शिकवाची गरज नाही. त्यानं चहा दिला, बिस्किटं दिली, सगळं नीट ऐकून घेतलं. मग अगदी गोड आवाजात म्हणाला,

"भैया, नाराज मत होना. आपके पारे से निगम के चुनाव में वोट पड़ता कहाँ है? जहाँ से पड़ता है, पहले उधर की सुनूँगा ना."

बाबाराव बिस्किट खात होता, तो खातच राहिला. मी मात्र तिथंच ठरवलं. फेब्रुवारीत निगमची, म्हणजे महानगरपालिकेची, निवडणूक आहे. मी उभा राहीन. अपक्ष. दाखवून देईन म्हणा श्यामकांत कोण आहे ते.

आता रामकृष्ण बोलला ते खोटं नाही, ही गोष्ट वेगळी. लोकसभेच्या वेळी पहा, सकाळी रांगेत पहिला नंबर माझा असतो. पण निगमचं इलेक्शन म्हणजे नालीचं इलेक्शन. नालीसाठी रांगेत कोण उभं राहील? शिवाय त्या दिवशी फुकटची सुट्टी मिळते. म्हणून तर मी मंडळाचा सचिव झालो त्याच वर्षी मतदानाच्या सुट्टीची सहल सुरू केली. कधी मैत्रीबाग, कधी राजीम, कधी डोंगरगड. पूर्ण मंडळ एका बसमध्ये. पहाटे निघाचं, रात्री यायचं. रायपूरच्या मराठी लोकांत अशी एकी दुसरीकडे कुठं दिसणार नाही.

९ जानेवारी

घात झाला. आरक्षणाची सोडत निघाली आणि आमचा वॉर्ड महिलांसाठी राखीव होऊन गेला. मी पांढऱ्या कुर्त्याचं कापड शिवाले टाकून बसलो होतो राजेहो. शिंप्यानं विचारलं, आता काय करू? मी म्हटलं शीव, कुठं ना कुठं कामी येईल.

दुपारभर पलंगावर आडवा होतो. मग डोक्यात एकदम उजेड पडला. गोदावरी! बाई नावाले उभी राहील, काम मी करीन. आमच्या इकडे रीतच आहे तशी. बायको निवडून येते, मीटिंगमध्ये नवरा बोलतो, लोक त्याले पार्षद पती म्हणून नमस्कार घालतात. रामकृष्णही तेच करून राहिला म्हणे, बायकोले उभी करून राहिला. शारदा नाव तिचं. मी तिले आजवर फक्त चहाचा ट्रे आणताना पाहिलं.

गोदावरी मेथी निवडत होती. मी सगळं समजावून सांगितलं. तुले काही कराचं नाही, फक्त सही कराची आणि लोकांसमोर हात जोडाचे. तिनं एकच विचारलं, "तलावासाठी का?" मी म्हटलं, हव. "मग राहीन उभी," म्हणाली आणि पुन्हा मेथीत डोकं घातलं. फार भोळी बाई आहे. राजकारणात तिचा टिकाव कसा लागेल याची मले काळजी वाटून राहिली, पण मी आहे म्हणा.

नीलेशले सांगितलं तर मोबाइलमधून मान वर न करता म्हणतो, पापा, मम्मी सच में जीत गई तो? हा काय प्रश्न झाला? जिंकली तर मी आहे ना.

२७ जानेवारी

फॉर्म भरला त्याले चार दिवस झाले. काय गर्दी, काय ढोल, काय गुलाल! माझा तर घसाच बसला घोषणा देऊ देऊ. गोदावरी मात्र देवळात आल्यासारखी शांत उभी होती. चिन्ह मिळालं नळ. मले उगवता सूर्य पाहिजे होता, पण ती म्हणाली नळच बरा, लोकांले सांगावं नाही लागत.

पंडरीच्या बाजारातून बॅनर छापून आणलं. मधोमध माझा फोटो, नवा कुर्ता घातलेला, आणि कोपऱ्यात हात जोडलेली गोदावरी. झकास झालं होतं. तिनं पाहिलं आणि गुंडाळून ठेवलं. दुसऱ्या दिवशी ते बॅनर गच्चीवर, आणि त्यावर मिरच्या वाळून राहिलेल्या. संध्याकाळी दुकानातून नवं बॅनर आलं, त्यात फक्त ती आणि मागं तलाव. मी दुकानदाराले फोनवर झापलं. तो म्हणाला, दीदी का ही फोन आया था. गोदावरीले विचारलं तर म्हणते, जागा कमी पडत होती. असेल. या छपाईवाल्यांचं काही खरं नाही.

३० जानेवारी

आज चौकात माझी पहिली जाहीर सभा. चाळीस खुर्च्या लावल्या होत्या. लोकशाहीचा इतिहास ग्रीसपासून सुरू केला. रोमपर्यंत आलो तेव्हा समोर बाबाराव, खुर्च्यावाला आणि एक गाय उरली होती. पण जे होते त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं, हेही काही कमी नाही.

राग आला तो उमेदवारावर. सभा सोडून ही कुठं? तर तलावाच्या घाटावर! सकाळपासून तिथल्या बायांसोबत बसून होती. परत आली तेव्हा साडीचा काठ ओला आणि पायाले राखड लागलेली. त्या बायांशी ती अशी छत्तीसगढी बोलते, जसं काही जन्म तिथंच काढला. मले तर त्यांचं अर्धं समजत नाही. त्या बाया कपडे धुतात, म्हशी धुतात, तीजेच्या सणाले तलावाची पूजा करतात. राखडीनं त्यांच्या घाटाच्या तीन पायऱ्या बुजून गेल्या, असं गोदावरी सांगत होती. मी म्हटलं, प्रचाराच्या दिवसांत अशा गप्पा मारत बसू नको, वेळ किमती आहे. ती म्हणाली, हव.

एक गोष्ट इथं लिहून ठेवतो, कोणी वाचणार नाही म्हणून. मले भीती वाटून राहिली. हरलो तर रामकृष्ण पुन्हा बिस्किटं देईल.

२ फेब्रुवारी

हे लोक आहेत का कोण आहेत? डोकं फिरून गेलं.

आज सकाळी बाबाराव हसत हसत आला. म्हणतो, सचिवसाहेब, तुमी प्रचारात अडकले म्हणून तुमचं काम मीच उरकलं. अकरा तारखेची बस ठरवली. डोंगरगड. पहाटे निघू म्हणजे देवीचं दर्शन उन्हाच्या आधी.

अकरा तारीख! मतदानाची तारीख! माझ्या हातातला कप पडता पडता वाचला. आमच्या मंडळाची तीसेक घरं, सव्वाशेच्या आसपास वोटं. निगमच्या निवडणुकीत तेवढ्या वोटांत वॉर्ड इकडचा तिकडे होतो. आणि ही सगळी वोटं बसमध्ये बसून डोंगरगडले जाणार, रोपवेत बसणार, मसालेभात खाणार! मी त्याले वाट्टेल ते बोललो. अध्यक्ष असून तुले लाज नाही का, तुझ्या वहिनीचं नाव मशीनवर आहे, असं सगळं. त्याले तर समजेचना मी काहून भडकलो ते. म्हणाला, "अरे पण श्याम, हे तर नालीचं इलेक्शन आहे. नालीसाठी कोण उभं राहते?"

लोकांले ही असली खोड कोणी लावून ठेवली देव जाणे.

४ फेब्रुवारी

मंडळाची तातडीची बैठक घेतली. मी पाऊण तास बोललो. मतदान हा हक्क आहे, कर्तव्य आहे, शहिदांचं ऋण आहे. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मग एकानं विचारलं, बसमध्ये समोरची सीट कोणाले? बसचा ॲडव्हान्स देऊन झाला, पोट्ट्यांनी शाळेत सांगून ठेवलं, कोणाची सून माहेरून यायची आहे. एकही जण मागं हटाले तयार नाही. आणि मजा पहा, यातला एकही माणूस माझ्या विरुद्ध नाही. सगळे म्हणतात वहिनीच यायले पाहिजे. वहिनी यायले पाहिजे, पण वोट दुसऱ्यानं द्यावं.

घरी येऊन मी चप्पल न काढताच बसलो. संपलं म्हटलं सगळं. गोदावरीनं पाणी दिलं आणि विचारलं, "बस कोण नेते?"

मी म्हटलं, मंडळ.

"आणि डबा कोण करते?"

मी म्हटलं हा काय प्रश्न आहे, डबा तर तुम्ही बायाच करता. पुऱ्या, आलूची भाजी, मसालेभात, शेवेचे लाडू. ती म्हणाली बरं, आणि पदर खोचून शेजारी राधिकाकडे निघून गेली. राधिका म्हणजे मंडळातली सगळ्यात तिखट पोट्टी. समता कॉलोनीतल्या दवाखान्यात रिसेप्शनवर असते आणि डॉक्टरलेही टोकन घ्याले लावते असं म्हणतात. माझ्यावर आभाळ कोसळलं आणि ही शेजारी गप्पा माराले गेली! बायांचं डोकं कसं चालते ते मले चाळीस वर्षांत समजलं नाही.

५ फेब्रुवारी

बाप्पा बाप्पा बाप्पा. काय झालं काय सांगू!

सकाळी मंडळाच्या बायांच्या ग्रुपवर राधिकाचा मेसेज. बस पहाटे नाही, दहा वाजता निघेल. आधी वोट, मग बस. आणि खाली ठळक अक्षरांत, बोट दाखवा, मगच डबा. ज्याच्या बोटाले शाई नाही त्याच्यासाठी पुरी लाटली जाणार नाही, मग तो अध्यक्ष असो का कोणी. तीसही घरच्या बायांनी खाली होकाराचे अंगठे टाकले. बाबारावची बायको तर पहिली.

बाबाराव धावत माझ्याकडे आला. हे काय आहे, म्हणतो, हे तर ब्लॅकमेल आहे. मी म्हटलं, ही लोकशाही आहे बाबाराव. त्याले समजावताना माझ्या लक्षात आलं की काल मी जे पाऊण तास बोललो त्याचाच हा परिणाम. बाया पडद्यामागून ऐकत होत्या ना!

फक्त एका गोष्टीवरून गोदावरीशी वाजलं. मी म्हटलं, मेसेजमध्ये नळाचं चिन्ह टाकाले पाहिजे होतं, एवढी संधी. ती फटकन म्हणाली, "कोणाले द्याचं ते त्यांचं त्यांनी पाहावं. डब्यावर माझं नाव नाही येणार. द्या म्हणजे झालं." अशानं निवडणुका जिंकल्या जातात का? पण तोवर ती कणीक मळाले बसली होती.

११ फेब्रुवारी

दिवसभर धावपळ झाली, पण हे आजच लिहून ठेवतो.

सकाळपासून पाऱ्यात लग्नघरासारखी धावपळ. बाया पहाटेच उठून पुऱ्या तळून मोकळ्या. मग नटूनथटून रांगेत. मंडळाचे म्हातारे, ज्यांनी कधी निगमचं बूथ पाहिलं नव्हतं, ते एकमेकांले विचारत होते, आत काय काय असते? दोन वोटं असतात, एक महापौराचं, एक पार्षदाचं, हेच कोणाले माहीत नव्हतं. बाबाराव बाहेर आला तो बोट उंच धरून, शाळेतलं बक्षीस मिळाल्यासारखा. नीलेश, जो सुट्टीत दुपारी बारापर्यंत लोळतो, तो आंघोळ करून गेला आणि फोटो टाकला. खाली लिहिलं, फॉर मम्मी.

मी बसच्या दाराशी राधिकासोबत उभा. बोट दाखवा, डबा घ्या, चढा. मी ज्या जोशात बोटं तपासत होतो, तिकीट चेकरही तसा तपासत नसेल. एका पोट्ट्यानं पेनानं शाई लावून आणली, त्याले कान धरून परत पाठवला. बस भरली. माझा ऊर भरून आला. आणि राधिका सगळ्यांसमोर म्हणते, "काका, आपका?"

मी हात पुढं केला. बोट कोरं! सगळ्या पाऱ्याले वोटर पर्च्या वाटल्या, माझीच पर्ची मी वाचली नव्हती. बसमधल्या बाया अशा हसल्या की ड्रायव्हरही हसला. मी तडक शाळेत गेलो, जिथं मंडळानं वोट टाकलं आणि जिथं मी लोकसभेले जातो. अर्धा तास रांगेत उभा राहिलो. आत मॅडमनं सांगितलं, आपका नाम यहाँ नहीं है, निगम में आपकी गली का बूथ अलग है. कुठं आहे म्हणून विचारलं तर तिले माहीत नाही. उमेदवाराचा नवरा रस्त्यावर उभा राहून लोकांले विचारतो, माझं बूथ कुठं आहे? शेवटी घाटावरच्या एका बाईनं ओळखलं. "हव, चल भैया, मोर संग आ," म्हणाली. तलावाकाठच्या सामुदायिक भवनात होतं ते. दिवसभर घराच्या मागं आणि मी शहरभर.

रांगेत सगळ्या घाटावरच्या बाया. कोणी कामावरून सुट्टी काढून आलेली, कोणी लेकरू काखेत घेऊन. माझ्यासाठी त्यांनी जागा करून दिली. मी नाही म्हटलं, उभा राहिलो रांगेत. पहिल्यांदाच निगमच्या निवडणुकीत.

आत गेलो. पुठ्ठ्याच्या आडोशाले मशीन. आणि त्यावर नाव. गोदावरी. माझं नाव नाही, सौ. नाही, कोणाची बायको म्हणून काही नाही. नुसतं तिचं नाव आणि पुढं नळ. लग्नाच्या पत्रिकेनंतर मी ते नाव कुठं छापलेलं पाहिलं नव्हतं, बँकेच्या पासबुकातही पहिलं नाव माझं आहे. माझे डोळे भरून आले, खोटं काहून लिहू. बटन दाबलं, पीं वाजलं. तो आवाज अजून कानात आहे.

बाहेर आलो तर ती झाडाखाली उभी, उमेदवार म्हणून बूथं फिरून आलेली. मी बोट दाखवलं. ती म्हणाली, तुमचा डबा ठेवला आहे घरी. बस केव्हाच निघून गेली होती.

१५ फेब्रुवारी

हरलो.

सकाळी पुढं होतो. मंडळाच्या बूथची मशीन उघडली तेव्हा मी असा ओरडलो की पोलिसानं हात धरला. घाटाकडचं बूथ उघडलं, तिथंही पुढं. मी भाषणाची पहिली ओळही ठरवली. मग वॉर्डच्या त्या टोकाची बूथं आली, जिथं आम्ही पोचलोच नाही, कारण दोन दिवस मी ग्रीसमध्ये होतो. शारदा थोड्याच वोटांनी आली. बाहेर रामकृष्णले खांद्यावर घेऊन लोक नाचले. शारदा बाजूला उभी होती, तिले कोणी उचललं नाही.

घरी येऊन मी खूप बडबडलो. याचा काय फायदा झाला? सव्वाशे लोक रांगेत उभे राहिले, पुऱ्या तळल्या, आणि तलाव? तलाव गेला ना. उद्या ट्रक येतील. या डायरीलेही आता भजनांच्या कामी लावून देतो.

गोदावरीनं वरण-भात खाल्ला, देवापाशी दिवा लावला. मग घाटावरच्या बाया आल्या, त्यांच्यासाठी चहा ठेवला. त्या रडत होत्या आणि ती त्यांले समजावत होती. मी खोलीतच बसून होतो. मले कोणी समजावलं नाही.

१८ फेब्रुवारी

डायरी पुन्हा काढावी लागली.

संध्याकाळी दारात गाडी थांबली. रामकृष्ण आणि शारदा! हातात मिठाईचा डबा. मी म्हटलं, जखमेवर मीठ चोळाले आला. पण माणूस नम्र. शारदा सरळ आत गोदावरीकडे गेली आणि आम्ही दोघं बाहेर व्हरांड्यात. आता महत्त्वाची बोलणी आम्हीच करणार होतो म्हणा. मी विषय काढणार तेवढ्यात त्यानं गुडघेदुखीचं काढलं. मग मी माझं बीपी सांगितलं. त्याले शुगर निघाली. मग बराच वेळ कारल्याच्या रसावर बोललो. एकदा तो आत जाऊ लागला, तर शारदाचा आवाज आला, "आप बाहर ही बैठिए." बसला बिचारा. आम्ही दोघं रस्त्याकडे पाहत चहा प्यालो. जनतेच्या प्रश्नांवर दोन अनुभवी माणसं शांतपणे बसली तर खूप काही साधतं, हे मले तेव्हा जाणवलं.

ते गेल्यावर मी गोदावरीले विचारलं, काय बोलली ती? ती भांडी आवरत सांगत गेली. शारदाच्या घरी बूथाबूथाचा आकडा घेऊन बसले होते म्हणे. दरवेळी आमच्या मंडळाच्या बूथचं पान कोरं सोडतात, बघण्यासारखं काही नसते. यंदा रामकृष्णनं ते पान पाहिलं आणि जेवला नाही. एवढे लोक कुठून आले, पुढच्या वेळीही आले तर काय, हेच घोळत बसला. शारदानं मग त्याले सांगितलं, आता मी पार्षद आहे, मी जाऊन येते.

"मग?" मी म्हटलं.

"तिनं विचारलं, पुढच्या वेळी उभी राहशील का. मी म्हटलं, तलाव राहिला तर काहून उभी राहू? माझं वोट तुलेच. आणि तलाव गेला, तर आमची बोटं तू पाहिलीच आहेत."

मी म्हटलं, असं धमकीसारखं बोलाले नको होतं, ती पाहुणी होती. गोदावरी म्हणाली, ती तर हसली. म्हणाली, दीदी, हे मले घरी सांगाले कामी येईल.

२३ फेब्रुवारी

चार दिवस झाले, ट्रक नाही! आज निगमची मशीन आली आणि काठावरची राखड उचलून राहिली. शारदा स्वतः उभी होती, ऊन असूनही, डोक्यावर पदर आणि हातात पाण्याची बाटली. पूर्ण पारा पाहाले गेला. घाटाची पहिली पायरी उघडी पडली तेव्हा बायांनी तिच्यावर हळद-कुंकू वाहिलं. गोदावरी रडली. मीही रडलो, पण राखड डोळ्यात गेली असं सांगितलं.

बाबाराव बोटावरची शाई सगळ्यांले दाखवत फिरून राहिला, जसं काही त्यानं एकट्यानंच तलाव वाचवला.  व्हरांड्यातल्या त्या बोलण्यांचा हा परिणाम आहे, हे रामकृष्णले आणि मले माहीत आहे, तेवढं पुरे.

९ मार्च

सकाळ आहे, थोडा वेळ आहे, लिहून घेतो.

मागच्या रविवारी मंडळाची बैठक होती. मी सचिव म्हणून पुढच्या सहलीचा विषय काढला. राधिका उभी राहिली. म्हणते, काकांनीच आपल्याले शिकवलं की प्रत्येक निवडणुकीत वोट द्याचं, लहान असो का मोठी. मग आपल्या मंडळाची निवडणूक कधी झाली?  कोणाले आठवेना. मी म्हटलं, मी इतकी वर्षं बिनविरोध आहे. ती म्हणाली, विरोध कोणी विचारला कधी? बाया हसल्या. बाबारावही हसला, गद्दार.

तर आज मंडळाच्या सचिवपदाची निवडणूक. माझ्या विरुद्ध राधिका. तिचं म्हणणं, सहल सुट्टीच्या दिवशी न्या, पण मतदानाच्या दिवशी नको. म्हणजे माझीच प्रथा मोडाले निघाली. वोटं टाकाले सहलीतलाच एक मोठा डबा ठेवला आहे, झाकणाले चीर पाडून. नीलेश म्हणतो, पापा, टफ फाइट है. इतका उत्साह मले माझ्या लग्नातही नव्हता, आणि इतकी धडकीही.

चहा पिता पिता मी गोदावरीले सहज विचारलं, तू कोणाले देणार? तिनं कप धुतला, पदराले हात पुसले.

"गुप्त मतदान असते," म्हणाली आणि चप्पल घालून निघून गेली.

पांढरा कुर्ता इस्त्री करून घातला आहे. काही होवो, रांगेत पहिला नंबर माझाच.